अंगभर कपड्यांची मोहीम

२ नोव्हेंबर, सकाळी
निर्णय झाला. महिनाअखेर आपल्या बीचवर एकही उघडी मांडी दिसणार नाही. टुरिस्टांनी गावाची पार रया घालवली. पूर्वी या रस्त्याने माणसे अंगभर कपड्यांत जायची आणि ते कपडे माझ्याकडे शिवलेले असायचे. दुसरा मुद्दा गौण. प्रश्न संस्कृतीचा आहे.
पथक तयार: मी, मेहुणा आणि बर्फवाला. दुकानातली सागवानी गजपट्टी बरोबर नेणार. फक्त धाक म्हणून.
हिला मोहीम समजावून सांगितली. ही म्हणाली, दुपारी शिकायला जाते, जेवण झाकून ठेवते. काय शिकते ते विचारायचे राहिले. भरतकाम असणार.

५ नोव्हेंबर
पहिली कारवाई यशस्वी.
एक धिप्पाड पाहुणा टीचभर चड्डीत वाळूवर पालथा पडला होता. शांतपणे समजावले. ऐकेना. (झोपला होता.) पोटरीवर पट्टी ओढली. वळ छान उठला. मग तो उभा राहिला. उभा राहायला त्याला बराच वेळ लागला, कारण तो बराच उंच होता.
ओठ फाटला, दात हलतोय. मेहुणा सांगत फिरतोय की त्याने मला एका हाताने पाण्यात भिरकावले. अतिशयोक्ती. लाट आली म्हणून पडलो. बर्फवाला ऐनवेळी बर्फ वितळेल म्हणून गायब. पण ओठाला लावायला बर्फ त्यानेच फुकट दिला. निष्ठावान माणूस.

९ नोव्हेंबर
शत्रू घरातच आहे. दुकानाचा अर्धा भाग धाकट्या भावाचा. तिथे त्याने पोहायचे कपडे भाड्याने द्यायला सुरुवात केलीय. दारात पुतळी, तिच्या अंगावर दोन चिंध्या. दोन्ही मिळून माझ्या एका शर्टाचा खिसा निघणार नाही. आणि गिऱ्हाईक बघावे तर रस्त्यापर्यंत.
समजुतीने घ्यायचे ठरवून गेलो. हातात इस्त्री होती, योगायोगाने. पुतळीचे मुंडके पहिल्याच फटक्याला गटारात. धाकटा अंगावर धावून आला. काउंटरची काच फुटली, माझा तळहात उभा चिरला. त्याच्या कानशिलावर इस्त्री बसली. (गार होती. मी काही राक्षस नाही.) फरशीवर इतके रक्त, की कोणाचे किती ते कळेना.
डॉक्टरांनी आम्हाला एकाच बाकावर बसवून टाके घातले. तेवढ्यात धाकटा एवढेच म्हणाला, "दादा, एकदा वहिनीला तरी विचार."
काय विचारायचे? ही पूर्णपणे माझ्या बाजूची आहे.

१२ नोव्हेंबर
जाहीर भाषण द्यायचा विचार आहे. मसाला मिळावा म्हणून आईला जुन्या काळच्या मर्यादेबद्दल विचारले. चूक झाली.
आई म्हणते, तिच्या लहानपणी इथल्या बायका गुडघ्याच्या वर कपडा खोचून, उघड्या पाठीने जाळी ओढायच्या. पुरुषांचे तर बोलायलाच नको. मग शहरातली बडी मंडळी हवा खायला येऊ लागली. त्यांना हे बघवेना. त्यांच्यासाठी गावाने अंग झाकले.
"तुझ्या आजोबांचं दुकान त्याच्यावर तर उभं राहिलं," आई म्हणाली. "तेव्हा ते लाजले म्हणून आपण कपडे घातले. आता ते काढतायत, तर तू डोकी फोडत सुटलायस."
आईचे वय झाले. स्मरणशक्तीचा भरवसा नाही. भाषण रद्द. आता थेट कृती.

१६ नोव्हेंबर, रविवार, सकाळी
मेहुण्याला ताप आलाय म्हणे. बर्फवाल्याने बीचवर सरबताची गाडी लावली, तो आता टुरिस्टांना दादा-ताई म्हणतो. हरकत नाही. मी एकटा पुरेसा आहे. आज सोक्षमोक्ष.

१९ नोव्हेंबर, इस्पितळ
डाव्या हाताने लिहितोय.
रविवारी बीचवर एके ठिकाणी गर्दी होती. मधोमध एक बाई पाठमोरी, लाल हाफपँट घालून, एका उघड्याबंब म्हाताऱ्यावर ओणवी. भर दिवसा. माझे डोके फिरले. गर्दीत घुसलो, पट्टी दोन्ही हातांनी उचलली आणि तिच्या खांद्यावर हाणली. हाड मोडल्याचा आवाज आला.
ती ओरडली नाही. वळलीही नाही. एक हात लुळा पडला, तर दुसऱ्याने म्हाताऱ्याची छाती दाबत राहिली. दाबताना आकडे मोजत होती. आवाज ओळखीचा वाटला, पण तोवर माझा दुसरा फटका खाली आला होता. डोक्यावर. रक्त म्हाताऱ्याच्या छातीवर टपटप पडत होते. ही दाबतच होती.
हो. ही. टी-शर्टच्या पाठीवर 'जीवरक्षक' असे मोठ्या अक्षरांत छापलेले होते. मी वाचले नव्हते.
म्हाताऱ्याने पाणी ओकले, श्वास घेतला. मग तिने मागे वळून माझ्याकडे पाहिले आणि वाळूवर आडवी झाली.
गर्दीने मला तुडवले. बरगड्या, मनगट, जबडा. सरबताची बाटली कोणी फेकली ते मी पाहिले, लिहीत नाही. शेवटी कोणीतरी माझ्या अंगावर पालथे पडून लाथा झेलल्या, म्हणून जगलो. तो धाकटा होता. त्याचे टाके उसवले.

२१ नोव्हेंबर, इस्पितळ
बुडालेला म्हातारा याच वॉर्डात, पलीकडच्या खाटेवर आहे. स्वभावाने बरा आहे. त्याला त्या दिवसाचे काहीच आठवत नाही. घरची माणसे त्याच्या गावाहून काल पोचली.
दुपारी ही आली. डोक्याला पट्टी, हात गळ्यात, तीच हाफपँट. नोकरी पक्की झाली असे नर्स म्हणत होती. काय बोलायचे ते मी तयार ठेवले होते. कण्हत कण्हत सरकून खाटेवर तिच्यासाठी जागा केली.
ती पलीकडे गेली. म्हाताऱ्याची बायको तिला बिलगून रडली. मुलीने खुर्ची दिली. बराच वेळ बोलणे चालले होते. मग म्हाताऱ्याने माझ्याकडे बोट दाखवून हळूच विचारले, या बिचाऱ्याला एवढे कोणी मारले, तुमच्या ओळखीचे आहेत का?
हिने माझ्याकडे पाहिले.
"आमच्या रस्त्यावरचे शिंपी आहेत," ती म्हणाली.
म्हातारा म्हणाला, लवकर बरे व्हा. मी पडल्या पडल्या डाव्या हाताने नमस्कार केला.