कॅप्टनबाईंचा कौल

घोडपदेव, रविवार संध्याकाळ

तीर्थरूप दगडूमामा,

साष्टांग नमस्कार, म्हणजे आमच्या खोलीत जेवढा घालता येतो तेवढा (पाय कपाटाला लागतात). तुमचे गुडघे कसे आहेत, मामींचा खोकला थांबला का, आणि नवी म्हैस आता तरी तुम्हाला जवळ येऊ देते का, ते कळवा. फोन सोडून पत्र लिहितोय, कारण तुमच्याकडे रेंज फक्त खळ्याच्या कोपऱ्यात मिळते आणि तिथे उभे राहून तुम्ही फोन स्पीकरवर टाकता. विषय नाजूक आहे. आईच्या डोळ्याचा आहे आणि थोडा अंतराळाचा आहे.

मी ‘ध्रुवनौका’ मालिकेचा भक्त आहे, हे मागच्या मे महिन्यात तुम्ही जेवायला बसलात तेव्हा मी सविस्तर सांगितलं होतं (तुमचं जेवण गार झालं होतं). मालिका परदेशी आहे, मराठीत डब होऊन येते. शनीच्या पलीकडे एक यान भरकटलंय आणि कॅप्टन व्हेरा नावाची बाई ते घरी आणायच्या खटपटीत आहे, एवढीच गोष्ट. रविवारी दुपारी जेवणं उरकली की आई, पद्मजा आणि मी टीव्हीपुढे बसतो. शेजारचे बाबुराव उशी घेऊन येतात (सुरुवातीलाच झोपतात, स्फोट झाला की ‘कोण गेलं?’ विचारून कूस बदलतात). आई व्हेराला वीरा म्हणते आणि मानलेल्या लेकीसारखी तिची काळजी वाहते. तुमच्या सुनेला, म्हणजे पद्मजाला, पहिल्या भागापासून एकच प्रश्न पडलाय, की एवढी माणसं यानात कपडे वाळत कुठे घालतात. मी मात्र शास्त्राच्या बाजूने बघतो. आजच्या भागात यानाबाहेर उल्का धडाडकन फुटली तेव्हा मी म्हटलं, पोकळीत आवाज येत नाही. आई म्हणाली, “मग आम्ही काय मुक्यानं बघायचं? गप बस.”

तर त्या उल्केचा तुकडा काच फोडून आत आला आणि व्हेराच्या डोळ्यांना इजा झाली. तिला उपचाराच्या खोलीत नेलं. तिथे डॉक्टर म्हणून एक सहा हातांचं यंत्र आहे. त्याने तिला आडवं केलं, दिवा डोळ्यांवर आणला आणि म्हणालं, काही दुखणार नाही, थोडा वेळ पडून राहायचं. आणि दिवा गेला. पडदा काळा. आता मालिकेला सुट्टी, पुढचा भाग महिन्याने. शेवट इतका झकास होता की मी टाळी वाजवली. मग माझं आईकडे लक्ष गेलं. मामा, परळच्या डॉक्टरांनी मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख देताना आईला त्या यंत्राचंच वाक्य, शब्दही न बदलता, सांगितलं होतं.

आईने रिमोट घेऊन टीव्ही बंद केला (आधी आवाज वाढला, मग चॅनल बदललं, बटणं दिसत नाहीत तिला). मग म्हणाली, “शनीपर्यंत जाणाऱ्या विमानात बाईचे डोळे धड होईनात, आणि मी जाऊ होय परळला? कळव त्यांना, काशीबाई येत नाही.”

ऑपरेशनची तारीख त्या पुढच्या भागाच्या आधीच आहे आणि आता लांबवलं तर काम अवघड होईल, असं डॉक्टरांनी बजावलंय. शिवाय परवा आईने भायखळ्याच्या बाजारातून शिळी सुरमई आणली. रस्त्यापलीकडून मासा ताजा की बर्फातला ते ओळखणारी तुमची बहीण. आम्ही लिंबू पिळून खाल्ली. तिने एक घास घेतला आणि ताट सरकवलं. म्हणून आज मीही हट्टाला पेटलो. मालिकावाले माणसांना टांगून ठेवण्यासाठीच असे शेवट करतात, हे समजावलं. पुढच्या वर्षीच्या पोस्टरवर व्हेरा अजून आहे, हे मोबाइलवर दाखवलं. आई म्हणाली, “फोटोत तुझे बाबापण आहेत.”

शेवटी तिनेच तोड काढली. दगडूला लिही. देवीला कौल लावू दे, वीरा वाचते का म्हणून. उजवा पडला तर ऑपरेशनला जाईन, डावा पडला तर विषय संपला. गावच्या देवीचे कौल तुम्हीच लावता, तेव्हा मामा, देवळात जाऊन मूर्तीला पाकळ्या लावा आणि कुठल्या बाजूची आधी पडते ते बघा, ही विनंती. अडचणी मला दिसतायत. देवीपुढे गाऱ्हाणं घालताना व्हेराचं गाव कुठलं सांगायचं, कूळ कुठलं? देवीची हद्द वेशीपर्यंत, बाई शनीपलीकडे. पण आईचा तुमच्या कौलावर जेवढा विश्वास आहे तेवढा माझ्या शास्त्रावर नाही. कणकवलीच्या बाजाराला याल तेव्हा फोन करा.

मामींना नमस्कार, म्हशीला लांबूनच.

तुमचा भाचा,
अजित

ता. क. १ : खरी गोष्ट इथे लिहितो. परदेशात पुढचा भाग येऊन गेलाय, आमच्या चाहत्यांच्या ग्रुपवर एका शहाण्याने फोडला. व्हेरा मरते (पोस्टर नुसतं फसवायला). तेव्हा कौल व्हेराचा लावूच नका, आईच्या डोळ्यांचा लावा. आणि फोनवर फक्त ‘उजवा पडला’ एवढंच सांगा, कशाचा ते सांगू नका. म्हणजे तुम्हाला खोटं बोलल्यासारखं होणार नाही.

ता. क. २ : मामांना पद्मजाचा नमस्कार. ह्यांनी पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं. भावाला जाणारं पत्र आधी वाचून दाखवायचं, असा सासूबाईंचा नियम आहे, तो हे विसरले, म्हणून मी सगळं वाचून दाखवलं. तुमच्याशी त्या मालवणीतच बोलतात, सांगतात तसंच लिहिते :

दगडू, ह्येचा आयकू नको. वीरा जातली ता माका दिवो गेलो तेव्हाच कळला. इतक्या मोठ्या इमानात तिच्यासाठी दाराभायर बसलेला एकव माणूस नाय. कोणासाठी डोळे उघडतली ती? माका सुयेचा भय नाय. अजित भायर बसतलो, पण तो डॉक्टराक शिकवीत रवतलो. कौल लावू नको. ऑपरेशनाक मी जातंय. तू ये आणि दाराभायर बस.