हाकेला ओ

९ ऑक्टोबर

जिवंत आहे. डावं पाऊल सोडून.

पाऊल प्लास्टरात, प्लास्टर उशीवर, उशी खुर्चीवर आणि मी खिडकीशी. समोर तो डोंगर. कालचं त्याच्या गावीही नाही — न्हाऊनमाखून उन्हात बसलाय.

आधी घटना, मग मत. नव्या वार्ताहरांना जन्मभर हेच सांगत आलो. आज स्वतःलाच सांगतो.

आम्ही तिघे. शाळेत संस्कृतच्या तासाला एका बाकावर बसायचो. मी वर्तमानपत्रात गेलो. दुसरा कान-नाक-घशाचा डॉक्टर झाला आणि पुढे माझ्या धाकट्या बहिणीचा नवराही झाला. तिसरा सेनापती. विमा कंपनीत साहेब आहे, पण सहलीत दर वळणावर मुंडकी मोजायची खोड शाळेपासूनची, म्हणून सेनापती. दर रविवारी शाळेतल्या पोरांना डोंगरावर नेतो. त्याचं एक गिरिभ्रमण मंडळ आहे — अध्यक्ष, चिटणीस, झाडूवाला सगळं तोच. बायकांना घरी ठेवून तिघांनीच परदेश हिंडायची टूम त्याचीच.

काल उतरताना धुकं आलं. दगडांवर रंगवलेल्या खुणा दिसेनाशा झाल्या आणि आम्ही वाट चुकलो. पुढे सेनापती, मध्ये डॉक्टर, मागे मी. "अंतर ठेवू नका," सेनापती सांगत होता. मी ठेवलं. बुटाची नाडी बांधायला वाकलो, उठलो तर पुढे कुणी नाही! घाईनं पावलं उचलली ती थेट घळीत. घोट्यात काहीतरी कडकन वाजलं.

हाक मारली, "सेनापतीऽऽ!"

खालून ओ आली.

एकदाच. स्वच्छ. मी ओरडलो — पाय गेला रे, वर ये. त्यावर दगड गडगडल्याचा आवाज. पावलं वर येत नव्हती, खाली चालली होती. मग ती शांतता. घसा बसेस्तोवर हाका मारल्या. धुक्याला कान नसतात, पण ज्यानं ओ दिली त्याला होते की!

अंधारायच्या जरा आधी सेनापती आला. बरोबर वनरक्षक, वनरक्षकाचा कुत्रा. डॉक्टर खाली चौकीवर थांबला होता. सेनापतीनं मला पाठुंगळी घेतलं. पाठीवरूनच विचारलं, "ओ देऊन गेलास कुठे?" चालणारी पाठ क्षणभर थांबली. म्हणाला, "मला हाक ऐकू आली नाही."

घटना संपली. मत : खोटारडा.


१० ऑक्टोबर

पहाटेपासून सुडाचा विचार करतोय. दुखणं त्यामुळे बरंच कमी आहे.

शिव्या उपयोगाच्या नाहीत. चाळीस वर्षं खाऊन त्याची कातडी निबर झालीय. अबोला बायकी... नाही, हे बायकोनं वाचलं तर दुसरा पायही जाईल. अबोला पोरकट. मारामारीला दोन पाय लागतात.

मग सुचलं. अहो-जाहो!

सकाळी तो चहाचा ट्रे घेऊन आला. "काय रे लंगड्या, झोपलास का?"

"झोपलो. आपल्याला लागली का झोप?"

त्यानं मागे वळून पाहिलं. दारात आणखी कोण उभं आहे, बघायला! कुणी नव्हतं. ट्रे टेबलावर ठेवताना कपाचा कान बशीवर वाजला. मी म्हटलं, "आपण कशाला तसदी घेतलीत?"

चहा फार छान लागला.


११ ऑक्टोबर

आम्ही उतरलोय त्या घराच्या मालकीणबाई फुलं घेऊन आल्या. त्यांच्या-माझ्या मोडक्या इंग्रजीत गप्पा झाल्या. सेनापतीची ओळख मी "हे गृहस्थ आमच्या ओळखीचे आहेत" अशी करून दिली. बाई हसल्या. गृहस्थांचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं.

दुपारी डॉक्टरला जवळ बसवून खटला मांडला. न्यायशास्त्राच्या पहिल्याच धड्यात पर्वतावर धूर दिसतो आणि विद्यार्थी तिथे अग्नी असल्याचं अनुमान काढतो. आमच्या शास्त्रीबुवांनी ते हातावर पट्ट्या मारून पाठ करून घेतलं होतं. धूर नसून धुकं निघालं तर काय करायचं, ते त्यांनी सांगितलं नाही. असो. माझं अनुमान त्याहून भक्कम आहे : ज्याच्या नावानं हाक, त्याचीच ओ.

"तू कानाचा डॉक्टर," म्हटलं. "तुझं मत काय?"

बराच वेळ तो माझ्या प्लास्टरवरून बोट फिरवत राहिला. म्हणाला, "धुक्यात आवाज फसवतो. कुठून येतो, कळत नाही."

"कुठून आला ते विचारत नाही. कुणाचा होता ते ठरलंच आहे."

"झालं ते झालं रे. सोड ना."

एवढं बोलून तो माझ्यासाठी सफरचंद कापायला बसला. मेव्हण्याचं मन मोठं. बहिणीनं त्याला पसंत केलं तेव्हा मी नाक मुरडलं होतं. आज ते शब्द मागे.


१२ ऑक्टोबर

आज त्याला "मान्यवर" म्हटलं. अंघोळीला धरून नेत होता तेव्हा.


१३ ऑक्टोबर

पाऊस. डोंगर गायब. तिघे एका खोलीत.

डॉक्टर औषधं आणायला गेल्यावर सेनापती समोर येऊन बसला. दाढी केलेली नव्हती. एरवी डोंगरावरही घोटून दाढी करणारा माणूस.

"शिव्या घाल," म्हणाला. "आईवरून घाल. पण हे अहो बंद कर. माझ्या सासऱ्यांशी बोलतोयस असं वाटतं."

मी म्हटलं, आपल्याविषयी मला आदर आहे, तो व्यक्त होतोच. काही सांगायचं असल्यास अवश्य सांगावं.

"काय सांगू?"

"एकच वाक्य. हाक ऐकली आणि गेलो. डॉक्टरच्या देखत."

तो खिडकीकडे बघत बसला. मला वाटलं, आता येतं वाक्य. आलं ते निराळंच. "मी परत आलो ना रे?"

आला. पाठुंगळी घेऊन उतरवलं. मधल्या उताराला त्याचे पाय लटपटत होते आणि त्याच्या मानेवरचा घाम माझ्या हाताला लागत होता. मग काय पाठ फिरवलेली विसरायची? चोरानं माल परत आणून दिला म्हणून बातमीतून चोरी खोडता येत नाही. निदान मी तरी कधी खोडली नाही.

मी म्हटलं, "परत आलात, त्याबद्दल आभारी आहे."

उठून गेला. व्हरांड्यात पावसाकडे तोंड करून उभा होता. डॉक्टर आल्यावर त्या दोघांची काहीतरी बोलाचाली झाली. काचेतून शब्द ऐकू येत नव्हते. डॉक्टर मान हलवत होता, सेनापती त्याच्या खांद्यावर हात ठेवून समजावत होता. बहुधा माझ्याकडे वशिला लावायला सांगत असेल. आमचा डॉक्टर बधला नाही!


१४ ऑक्टोबर

मिळालं!

जेवणाच्या टेबलावर. मालकीणबाई सूप वाढून आत गेल्या होत्या. मी मीठदाणी मागितली. "मान्यवर, मीठ द्याल का?" सेनापतीनं ती पुढे सरकवली आणि हात तसाच टेबलावर ठेवला.

"ऐकली," म्हणाला. "तुझी हाक ऐकली. ओ मीच दिली."

डॉक्टरचा चमचा बशीत पडला. तो उठून खिडकी लावायला गेला. खिडकी लावलेलीच होती.

मी म्हटलं, "मग आपण वर का आला नाहीत?"

"भ्यालो."

"इतकंच?"

"पाय उचलेना. खाली मात्र आपोआप चालले. इतकंच."

हे तो माझ्याकडे बघून बोलत नव्हता. डॉक्टरच्या पाठीकडे बघत होता. साक्षीदाराकडे बघतात तसा. मग माझ्याकडे वळला. "झालं समाधान?"

झालं. खोटं कशाला लिहू, या वहीला काय लाज! सगळं सूप संपवलं. दुसऱ्यांदा घेतलं. डॉक्टरनं मात्र काही खाल्लं नाही. मित्राचं पितळ उघडं पडलेलं त्याला बघवत नसेल. तो आमच्या दोघांपेक्षा हळवा, शाळेतही पट्टी मला बसायची आणि डोळे त्याचे भरायचे.


१५ ऑक्टोबर

रविवारच्या पुरवणीसाठी मजकूर पाठवला. प्रवासवर्णन द्यायचं कबूल केलंच होतं. आता त्याला नायक मिळाला.

नाव घातलेलं नाही. सभ्यपणा आहे. "दर रविवारी लेकरांना डोंगरावर नेणारे, दर वळणावर मुंडकी मोजणारे एक विमातज्ज्ञ" एवढंच. गावात असा दुसरा असेल तर त्याची माफी मागेन. सगळा लेख त्यांच्या स्तुतीत लिहिला. त्यांचं सावधपण, त्यांचे बळकट बूट, उतारावरचा त्यांचा वेग. शेवटी त्यांचीच ती दोन वाक्यं, "पाय उचलेना. खाली मात्र आपोआप चालले." जशीच्या तशी. आपलं एक विशेषणही जोडलं नाही. उत्तम बातमीदारी.

संपादकाचा निरोप आला, फक्कड झालंय. मलाही तसंच वाटतं. दोनदा वाचून काढलं.

डॉक्टरनं विचारलं, काय लिहिलंस? सांगितलं. तो पांढराफटक पडला. "पाठवलंससुद्धा?" म्हणाला.

"पाठवलं."

"त्याला दाखवून तरी..."

"त्याचंच तर आहे. कबुलीजबाब लिहून घेतला, एवढंच."

त्यानं माझ्या पायाखालची उशी काढून झटकली आणि पुन्हा ठेवली.


१६ ऑक्टोबर

सेनापती गेला. तिकीट बदलून घेतलं म्हणे, कचेरीत काम निघालं. जाण्याआधी विमानतळावर माझ्यासाठी चाकाच्या खुर्चीची सोय करून ठेवली, परतीच्या प्रवासात पाय लांब करता येईल अशी जागा मागून घेतली, कुबड्यांची उंची माझ्या मापाला लावून दिली. खिडकीशी बसून मी सगळं पाहत होतो. लाच!

दारातून म्हणाला, "येतो."

म्हटलं, "सावकाश या. जपून जा. वाट नीट बघून."

हे शेवटचं सुचल्याचा फार आनंद झाला.


१७ ऑक्टोबर

खोली मोठी वाटते. डॉक्टर बोलत नाही. मुंडकी मोजायला कुणी नाही, दोघांत काय मोजणार.


१८ ऑक्टोबर

उद्या छापून येणार. लहान पोरासारखी वाट बघतोय.


१९ ऑक्टोबर, रविवार

बहिणीचा फोन. डॉक्टर खाली मालकीणबाईंचा हिशेब चुकता करायला गेला होता.

म्हणाली, "दादा, वाचलं. तुझे उपकार कसे फेडू रे?"

मी म्हटलं, कसले?

"यांचं नाव सांभाळलंस. ओ यांनी दिली होती हे कळूनही तू सगळं सेनापतींवर घातलंस. हे त्याच दिवशी फोनवर रडले माझ्याजवळ. ओ दिली, म्हणाले, आणि पाय वर उचलेचना. खाली पळत जाऊन सेनापतींना सांगितलं, तेव्हा ते उलटे धावत सुटले. सेनापतीच म्हणाले होते यांना, तू गप्प राहा, त्याची बहीण तुझ्या घरात आहे, तुझ्याशी तोडून त्याला चालायचं नाही, माझ्याशी तोडलं तर चालेल. पुढे तुलाही त्यांनीच विश्वासात घेतलं असेल ना?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"दादा?"

"हो," म्हटलं. "माहीत होतं मला."

"पण त्यांना फार झालं रे. सकाळपासून पालकांचे फोन. मंडळाच्या सभासदांनी दुपारी घरी जाऊन मंडळाच्या खोलीच्या किल्ल्या काढून घेतल्या. ते एका शब्दानं बोलले नाहीत, म्हणे."

जिन्यावर डॉक्टरची पावलं वाजली तशी फोन ठेवला. तो आत आला, माझं तोंड पाहिलं आणि दारातच उभा राहिला. मी त्याला काही विचारलं नाही. कुबड्या मागितल्या, व्हरांड्यात गेलो, दार ओढून घेतलं.

सेनापतीला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. उचलला.

"अरे, मी आहे," म्हटलं. "मी आहे रे."

 तो अगदी साध्या आवाजात म्हणाला, "बोला."