प्रतिपक्षाचा होकार

घरून, ता. ३ जानेवारी

ती. सिस्टर ताईंस,
सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नका. आई गेल्याचं कळवलं, त्यानंतर हे पहिलंच. तेव्हा आपण दोन ओळींत उरकलं होतं, म्हणून मीही लांबण लावत नाही.

माझी मुलगी आपल्या कॅथलिक विद्यापीठात ऑनर्सच्या वर्गात आहे आणि त्या वर्गाच्या प्रमुख आपण आहात, हे मी दीड वर्ष गिळून बसलो. मार्क तिचे, निवड तिची, चष्म्याच्या दुकानात बसणाऱ्या बापाला कोण विचारतो. पण काल तिचं पत्र आलं. वादसभेसाठी तिने विषय घेतलाय, की ईश्वराची हाक आली तर आजारी माणसाला मागे ठेवून जावं की नाही. आणि ती म्हणे जावं या बाजूने बोलणार. कॉलेजात नुकतं पाऊल टाकलेल्या भावाच्या गळ्यात अंथरुणाला खिळलेली आई बांधून आपण मठात गेलात. त्याचं समर्थन आता माझ्याच पोरीच्या तोंडून वदवून घ्यायचं, ही युक्ती कोणाची ते मला कळतं.

तिला ऑनर्समधून काढा. साध्या पदवीने तिचं काही अडणार नाही. तिची आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच आहोत. या घरातलं एक माणूस तुमच्या फाटकाच्या आत गेलं, तेवढं पुरे झालं.

कळावे. लोभ आहे असं लिहायची पद्धत असते, पण खोटं कशाला लिहा.
आपला,
भाऊ


ऑनर्स विभाग, ता. ९ जानेवारी

चि. घुम्यास,
अ. उ. आ.

मला अहो-जाहो केलंस म्हणून मी परकी होत नाही आणि तू मोठा होत नाहीस. लहानपणी रुसून माळ्यावर जाऊन बसायचास, अजून तिथेच आहेस.

विषय मी दिलेला नाही. दिला असता तर इतका वाईट दिला नसता. छोटीने तो मला न विचारता नोंदवला आणि वर प्रतिपक्ष म्हणून तुझं नाव घातलं. हे तिने तुला लिहिलेलं दिसत नाही. बापासारखीच आहे, अर्धं पोटात ठेवते.

आमची रीत सांगते. दुसऱ्या वर्षी प्रत्येकाने एक वाद लढवायचा. प्रतिपक्ष खरा हवा, त्या मताचा माणूस, समोर बसलेला. आधी त्याचं म्हणणं मांडायचं. हे माझंच म्हणणं, असा होकार त्याने दिला तरच आपलं उत्तर द्यायचं. तो नाही म्हणाला तर पुन्हा मांडायचं, आणि शेवटपर्यंत नाहीच म्हणाला तर सभा पुढच्या सत्रावर जाते. मात्र होकार मिळूनही उत्तर देता आलं नाही, तर ऑनर्समधून नाव कायमचं कमी होतं. बाकी कुणी तोंड उघडायचं नाही, मीही नाही.

तुला तिथे बघायची मला हौस नाही. पण तू आलाच नाहीस तर तिचं नाव आपोआप जाईल. तेच हवं असेल तर खुशाल घरी बस, आणि मग पोरीला तोंड दाखव.

तुझा लोभ नसेना, माझा आहे. त्याचं काय करायचं ते तू बघ.
तुझी,
ताई


वसतिगृह, ता. १५ जानेवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आत्याने मला दाखवलं नाही, पण ते आल्यापासून ती वर्गात माझ्याशी इतकी तोलून-मापून बोलते की मजकूर कळला. मला काढून टाका, असंच लिहिलंत ना? मला का नाही लिहिलंत?

इथे आम्ही बाराजण एका लांब टेबलाभोवती बसतो. पहिल्या सत्रात आम्हाला शिकवणाऱ्या फादरांनी माझा निबंध सगळ्यांसमोर वाचला आणि म्हणाले, की हिने समोरच्याला मुका करून जिंकलंय. तेव्हापासून मी या एका सभेसाठी राबतेय. हे माझं आहे, आत्याचं नाही. मला मठात जायचं नाही. माझ्या जन्माच्या आधीपासून आपल्या घरात एक भांडण चाललंय आणि दोघांपैकी कुणी ते तोंडाने भांडत नाही. आत्याचं नाव निघालं की तुम्ही ताटावरून उठता. मी कुणाच्या बाजूची, हेही कुणी मला विचारलेलं नाही.

सतरा फेब्रुवारीला या. रागावून आलात तरी चालेल.

माया आटू देऊ नये, एवढी विनंती.
तुमची,
छोटी


घरून, ता. २४ जानेवारी

ती. ताईस,
सा. न.

येतो. न येण्याचं खापर माझ्या माथ्यावर फुटू देणार नाही. पण ऐकून ठेव. ती काहीही मांडो, मी होकार देणार नाही. सभा पुढच्या सत्रावर जाऊ दे, मग त्याच्या पुढच्या. पोर कंटाळेल आणि घरी येईल. तुमच्याच रीतीने, तुमच्या नाकावर टिच्चून तिला बाहेर काढतो.

राहायची सोय माझी मी करेन. उत्तर नको, आशीर्वाद तर नकोच.
भाऊ


घरून, ता. १९ फेब्रुवारी

ती. ताईस,
नमस्कार केला असं समज.

परवा मी सभेत मन घट्ट करून बसलो होतो. पहिल्यांदा तिने मांडलं, की ताईने कर्तव्य टाळलं असं बाबांचं म्हणणं आहे. मी नाही म्हणालो. मग, की तिच्यामुळे बाबांचं कॉलेज सुटलं. त्यालाही नाही. सोपं जात होतं. मग पोरीने हातातले कागद खाली ठेवले आणि माझ्याकडे बघून सांगितलं, की आत्या गेली हे बाबांचं दुःखच नाही. तिने सगळ्यांना सांगितलं, फक्त भावाला विचारलं नाही. विचारलं असतं तर तो हो म्हणाला असता, आणि मग आजीच्या आजारपणाची ती सगळी वर्षं त्याने आपल्या खुशीने दिली असती. काम तेच राहिलं असतं, पण ते कुणी त्याच्यावर लादलेलं नसतं.

ताई, हे मला कधी सांगता आलं नव्हतं. हो कधी म्हणून गेलो ते कळलंही नाही. मग ती उत्तर द्यायला म्हणून उभी राहिली. फादरांनी दोनदा विचारलं. तिने सांगितलं, की याला माझ्याजवळ उत्तर नाही. तू भिंतीकडे बघत बसलीस.

आता तिचं नाव कमी केल्याची नोटीस लागली म्हणे. बापाचं मन इतकं ओळखणाऱ्या पोरीला तुम्ही घालवता, ही कसली विद्या? तिला परत घे. हात जोडतो असं मी लिहिणार नाही, पण जोडलेत.
भाऊ


ऑनर्स विभाग, ता. २५ फेब्रुवारी

चि. घुम्यास,
आशीर्वाद, तुला नको असले तरी.

आधी काढा म्हणालास, आता ठेवा म्हणतोस. ऑनर्स म्हणजे तुझं दुकान नव्हे, काच पसंत पडली नाही की बदलून द्यायला. नोटिशीवर सही माझीच आहे. भाची म्हणून सूट दिली असती तर बाकीच्या मुलांना तोंड कसं दाखवलं असतं? सही करण्याआधी पेन दोनदा खाली ठेवलं, हेही सांगते. तुला बरं वाटेल.

उत्तर होतं. मला बोलायची मुभा नव्हती. तुला विचारलं नाही, कारण तू नाही म्हणाला असतास, आणि तू नाही म्हटल्यावर माझा पाय घराबाहेर पडला नसता. आपण हो म्हणालो असतो, असं तू मागाहून ठरवलंस, मी समोर नसताना. आणि त्यावर इतकी वर्षं माझा राग केलास. मलाही राग येतो, घुम्या. मठात गेलं म्हणून तो सुटत नाही.

तब्येत सांभाळावी.
तुझी,
ताई


वसतिगृह, ता. ४ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न.

नाव गेल्याचं वाईट वाटतंय, फार वाटतंय. तुमच्या दोघांवर मी इतकी चिडले आहे की सध्या एकाचंही तोंड बघायचं नाही.

साध्या वर्गात बसायचं आणि त्या टेबलाच्या खोलीवरून रोज जायचं, हे मला जमणार नाही. डोंगरापलीकडे एका लहान गावात शाळा आहे, त्यांना शिक्षिका हवी आहे, राहायला खोली देतात. शिक्षण सोडून मी तिकडे जायचं म्हणतेय. सुट्टीतही येणं होईलच असं नाही. तुम्ही एकटे पडाल, हे मला कळतं.

आत्याने विचारलं नव्हतं, मी विचारते. बाबा, मी जाऊ?

रागासकट,
तुमची छोटी


घरून, ता. ११ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

छोटीने मला विचारलं. दुकान बंद ठेवून मी हो लिहायला बसलो. वाटलं होतं, एका शब्दाचं काम आहे. पहिला कागद फाडला, कारण त्यात नुसत्या अटी होत्या. दुसऱ्यात माझ्या गुडघ्यांचीच हकिगत झाली. शेवटी जे पत्र पेटीत टाकून आलो, त्यात नाही लिहिलं आहे.

तेव्हा सभेला कळव, की प्रतिपक्षाने दिलेला होकार चुकीचा होता. पोरीने मांडलं ते मला आवडलं, पण ते खरं नव्हतं. तू विचारलं असतंस तर मी तुझी बॅग आत नेऊन ठेवली असती आणि दाराला कडी घातली असती. म्हणजे माझं म्हणणं अजून मांडून झालेलं नाही. तुमच्याच रीतीने सभा पुढच्या सत्रावर जाते आणि नाव परत लागतं. हवं तर फादरांसमोर उभा राहून सांगेन.

याचा अर्थ तुला माफ केलं असा नाही. तरीही तू विचारायला हवं होतंस. मी नाही म्हणालो असतो, तू तरी गेली असतीस, आपण दारात उभं राहून कडकडून भांडलो असतो. तेवढं तरी मला मिळायला हवं होतं.

पुढच्या सत्रातही प्रतिपक्ष मीच असेन, असं लिहून घे.
तुझा,
भाऊ