सतरा हजार फुटांवर चार माणसांची खोली

२ जून, सकाळी ६.१०
आजपासून रोज पाचला उठायचं. (आजचा दिवस धरायचा नाही.) स्पितीत सतरा हजार फुटांवर गिर्यारोहकांसाठी चार माणसांचा निवारा. डिझाइनची खुली स्पर्धा, मुदत ३० जून. बावीस वर्षं म्हैसुरात बंगले बांधतोय, बर्फ कधी पाहिला नाही. म्हणजे पूर्वग्रह नाहीत. जानकी म्हणाली, आधी गुंजनला विचार. आमची मुलगी मागच्या वर्षी तिकडेच एका खिंडीत, पत्र्याच्या शेडमध्ये दोन दिवस अडकली होती. डाव्या पायाची दोन बोटं गेली. तिच्यासाठीच तर करतोय. सरप्राइज आहे.

९ जून
आठवड्यात एकदाच पाचला उठलो, तेही डासांमुळे. तीन स्केचेस. दार बाहेर उघडणारं केलं. आतली जागा वाचते. हे कुणाला सुचणार नाही.

१५ जून
बंगळूरहून गुंजनचा फोन. त्या शेडबद्दल काही सांगत होती. मी नेमका इन्सुलेशनच्या जाडीत अडकलेलो. नंतर बोलू म्हटलं. डिझायनरने भावनेच्या आहारी जाऊ नये.

२१ जून
प्लायवूडचं पूर्ण मापाचं मॉडेल तयार. बोगादीच्या सुताराने दोनदा चुकवलं. टेस्टसाठी आमचे मित्र भुजंगराव यांचं आइस्क्रीमचं कोल्ड स्टोरेज, उणे अठरा. हे पिढ्यान्‌पिढ्या इथलेच, मराठीत अर्धं कन्नड. अय्यो, सुम्ने, उगाच आजारी पडशील की, म्हणाले, पण जागा दिली. मॉडेल तिथे ठेवून तासभर त्याच्या आत बसायचं ठरलं होतं. नवव्या मिनिटाला पुरेसा डेटा मिळाला. मॉडेलचं दार उघडेना. कामगारांनी बाहेर खोकी रचली होती. एकविसाव्या मिनिटाला भुजंगरावांनी बाहेर काढलं. टेस्ट यशस्वी. कामगार बेशिस्त.

२४ जून
ताप. गुडघे धरलेत. पाचचा अलार्म तात्पुरता बंद.

३० जून, संध्याकाळी ५
ड्रॉइंग्ज अपलोड केली. गुंजनला दाखवलंस का, जानकीने विचारलं. निकालानंतर दाखवेन म्हटलं. थकलोय, पण जिंकणार.

१२ जुलै, रविवार
गुंजन आली. राहवलं नाही, ड्रॉइंग पसरलं. तिने दारावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "बाबा, दार आत उघडायला हवं. बाहेर बर्फ साचला की माणसं आतच राहतात. आम्ही तसेच राहिलो."

बदलू म्हटलं. मुदत संपलीय, असं जानकी स्वयंपाकघरातून म्हणाली.

मग मी विचारलं, "दोन दिवस काय केलंत गं?"

ती सांगत गेली. तिच्याबरोबरचा प्रणेश दुसऱ्या दिवशी असंबद्ध बोलायला लागला. सुक्या मोज्यांची एकच जोडी उरली होती, ती तिने त्याला घातली. तिसऱ्या सकाळी जवानांनी बाहेरून फावड्यांनी बर्फ उपसला तेव्हा तिला उभं राहता येईना. प्रणेशची बोटं वाचली.

जानकीला हे सगळं ठाऊक होतं. प्रणेशच्या आईलाही. गुंजन म्हणाली, तुम्ही कधी विचारलंच नाहीत, बाबा.

आज आणखी काही लिहीत नाही.