पुन्हा झाड व्हायचं नाही

प्रिय खारूताईस,
तुझ्या बदकाचं खूप खूप प्रेम.

शाळेच्या नाटकात आपण दोघी झाडं होतो, आठवतं? पुठ्ठ्याची पानं मानेला टोचत होती आणि पडद्याआडून सिस्टर दातओठ खात म्हणत होत्या, "झाडं हसत नाहीत!" (परी कोण होणार ते दरवर्षी रंगावरून ठरायचं. आपण सावळ्या आणि बुटक्या, म्हणून कायमच्या जंगलात.) असो. तब्येत कशी आहे? आणि गुडघे? गुडघ्यांचं खरं सांग, रीत म्हणून विचारत नाहीये.

तर भाच्याने भीतीचा सिनेमा काढायला घेतलाय. मुखवटेवाला खुनी कुऱ्हाड घेऊन एकेकाला गाठतो, एवढीच गोष्ट, आणि तीही माझ्या घरात, कारण माझं घर फुकट आहे. स्वयंपाकघरात पातेलंभर रक्त उकळतंय (साखरेचा पाक आणि लाल रंग, मुंग्यांना फार आवडलंय). भाचा छाती फुगवून म्हणाला, "मावशी, आमच्या सिनेमात सगळ्या प्रकारची माणसं आहेत!" आहेत खरी. कुबडी घेऊन चालणारे घड्याळवाले, चांगल्या भरभक्कम शिंपीणबाई, आणि सावळी म्हातारी म्हणून मी. पण संहिता वाचली आणि माझी झोपच उडाली. मध्यंतराच्या आत आम्ही सगळे खलास! पहिली मी, खुर्चीत, विणकाम करताना. शेवटी उरते कोण, तर एक गोरी, सडपातळ कॉलेजातली मुलगी.

चहा देताना मी भीत भीत विचारलंच. भाचा म्हणाला, "मावशी, लोक तिलाच बघायला येतात." तशी घड्याळवाले उसळले, "अहो, मला निदान पळू तरी द्या! रोज बसमागे पळतो मी." शिंपीणबाई म्हणाल्या, "आणि मी कपाटात लपून मरू? त्या कपाटात माझा एक हात तरी मावेल का?" भाचा कानकोंडा झाला. म्हणाला, ठीक आहे, तुमच्यातलं एक जण जगेल, तुम्हीच ठरवा. दोघांनी एकदमच माझ्याकडे बघितलं. "ताई, घर तुमचं, तुम्हीच जगा." मला भरून आलं गं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला पुढे ये म्हणालं.

पण मरायला नुसतं खुर्चीत बसायचं होतं. जगायचं तर अनवाणी जिना उतरून, अंगण ओलांडून, फाटकापर्यंत किंचाळत पळायचंय! किंचाळणं मला जमतं. भाच्याने कुऱ्हाड दाखवली तेव्हाच जमलं. पळणं जमलं नाही, तर ती जागा पुन्हा त्या मुलीला. आणि रविवारी चित्रीकरण आहे.

तुझीच,
बदक

ता. क. तू अजून रोज सकाळी बागेत धावतेस ना? पाठमोऱ्या आपण सिस्टरनाही कधी ओळखू आलो नाही. चेहऱ्यावरची भीती मी बघते, पळणं तेवढं तू बघ. शनिवारीच ये.

आणखी एक. नाही आलीस तर मी खुर्चीतच मरेन. मग वाटणी अशी कर : विणकामाच्या सुया शिंपीणबाईंना, भिंतीवरचं बंद घड्याळ घड्याळवाल्यांना, उरलेलं रक्त मुंग्यांना. झाडाचा तो पुठ्ठा अजून माळ्यावर आहे, तो भाच्याला. तो अंगात घालून अख्खं नाटकभर मागे उभा राहिल्याशिवाय त्याला दुसरा सिनेमा काढू देऊ नकोस. आणि हसला, तर सिस्टरसारखी ओरड.