उभयपक्षी मान्य

पिंपळदरा, ता. पारनेर
२ एप्रिल २०२५

ती. रतनआक्कास,
धाकट्या सहादेवचा सा. न. वि. वि.

तुझ्या फोनला पत्रानं उत्तर देतोय, रागावू नकोस. राजूरला डोंगर फार, तुझा निम्मा आवाज वाटेतच राहतो. इथंही हल्ली सगळे तोंडातल्या तोंडात बोलतात. सूनबाई ज्योती पदराशी बोलते, लेक वैजनाथ मोबाईलशी. टीव्हीवरच्या पोरी नुसते ओठ हलवतात. शिक्षण वाढलं आणि आवाज गेला.

बाकी ठीक. तंटामुक्ती समितीचं अध्यक्षपद यंदाही माझ्याकडंच. चार वर्षांत एकतीस तंटे मिटवले, म्हणून १ मेला तालुक्याला सत्कार आहे. माझी पद्धत साधी. दोघांना समोर बसवायचं, पोटभर बोलू द्यायचं, मध्ये तोंड घालायचं नाही. मग एकेकाला विचारायचं, मान्य हाय का. दोघंही हाय म्हणतात. गनीभाई शिंपी वहीत लिहितात, 'उभयपक्षी मान्य'. परवा भीमा आणि काकासाहेब बांधाच्या भांडणावरून आले होते. भीमानं तासभर हातवारे केले, शेवटी हाय म्हणाला आणि चपला तिथंच टाकून निघून गेला. समाधानानं माणूस असा भान विसरतो.

पत्रास कारण की, आपल्या राजनंदिनीचं जमलं. शेवगावकडचे पाहुणे आहेत. मुलगा, पार्थ, साखर कारखान्यात कारकून. मी जुन्या वळणाचा आजा नाही. पाहुण्यांसमोर नातीला भिडेत पाडलं नाही. गोठ्यात बोलावून एकटीला विचारलं, पसंत हाय का. हाय म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं. अक्षय्य तृतीयेला साखरपुडा धरलाय. तू यायचंसच.

लोभ आहे तेवढा असू दे, वाढला तरी हरकत नाही.
तुझा सहादेव


राजूर, ता. अकोले
७ एप्रिल २०२५

चि. सहादेव यास, आक्काचे अनेक आशीर्वाद.

डोंगर तुझ्या जन्माआधीपासून इथं आहेत. फोनही धड आहे. त्याच फोनवर मी ज्योतीशी तासतासभर बोलते आणि ती पदराशी बोलत नाही.

भाऊबीजेला आला होतास तेव्हा मी वात सारायला सांगितली, तू भात वाढायला घेतलास. शेजारच्या बाईनं तिचे मालक वारल्याचं सांगितलं. तू हसून म्हणालास की बरं झालं, असंच चालू द्या. ती बाई अजून माझ्या दारात येत नाही. तेव्हा मी गप्प बसले, कारण तू पाहुणा होतास. आता बसणार नाही.

हाय म्हणणाऱ्या पोरीच्या डोळ्यांत पाणी कशाला? मी ज्योतीला विचारलं तर तिनं पापडांचा विषय काढला. म्हणून राजनंदिनीला फोन केला. ती म्हणते की आबांना मी न्हाई म्हणाले.

सहादेव, आपली बोलीच घातकी. आहे आणि नाही म्हणणाऱ्यांचं एक वेळ निभतं. आपल्या हाय आणि न्हाईमध्ये एक न, तोही अर्धा. तो तुझ्या कानात शिरत नसेल तर उरतं काय ते तूच मोठ्यानं म्हणून बघ. मग एकतीस तंटे कसे मिटले ते गनीभाईंना विचार.

मी सांगते म्हणून लग्न मोडू नकोस. पोरीला तूच पुन्हा विचार. पण आधी कान तपास, नाहीतर पुन्हा हायच ऐकशील. चष्मा लावताना लाज वाटली नव्हती, मग कानानं काय पाप केलंय?

उत्तर लगेच टाक. माया आहे म्हणून एवढं टोचून लिहिलं.
रतनआक्का


पिंपळदरा
१२ एप्रिल २०२५

ती. आक्कास सा. न.

तुझं पत्र हाती लागलं. लागलं म्हणजे दोन्ही अर्थांनी.

पोर तुझ्यापाशी लाजून न्हाई म्हणाली असेल. मुली लाजतात. तरी तुझ्या समाधानासाठी पुन्हा विचारलं. पुन्हा हायच. एवढ्या जोरात म्हणाली की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. याला उत्साह म्हणतात.

तंट्यांचं विचारायला गनीभाईंच्या दुकानात गेलो. लोक मला नक्की हायच म्हणतात ना, असं विचारलं. गनीभाई सुई ओवत बसले. मग काहीतरी म्हणाले. मला हाय ऐकू आलं. मी खूश झालो. तेव्हा त्यांनी खडू घेतला आणि समोरच्या काळ्या कोटाच्या कापडावर मोठ्या अक्षरात लिहिलं, न्हाई. गिऱ्हाइकाचं कापड होतं. मी विचारलं की चार वर्षं वहीत मान्य का लिहीत होता. त्यांनी त्याच्याच खाली लिहिलं, अध्यक्ष सांगतील तसं.

उद्या नगरला जातोय. तुझ्या सांगण्यावरून नव्हे. गनीभाईंना अस्तर आणायचंय, सोबत पाहिजे म्हणून.

प्रकृतीला जप. माझ्या कानाची चिंता करू नकोस, ते माझं मी बघतो.
सहादेव


पिंपळदरा
२४ एप्रिल २०२५

ती. आक्कास सा. न. वि. वि.

नगरला मला एका बंद खोलीत बसवलं. कानावर आवाज आला की बटण दाबायचं. काचेपलीकडं बसलेल्या बाईंचा हात मला दिसत होता. तो हलला की मी दाबायचो. पाचापैकी पाच आले. मग त्यांनी माझी खुर्ची भिंतीकडं फिरवली. पुढचं लिहीत नाही.

डॉक्टर म्हणाले की दहा-बारा वर्षं हळूहळू चाललंय, बारीक आवाज आधी जातात. मशीन दिलं. रोज थोडा थोडा वेळ लावून सवय करा म्हणाले. ते टोपीखाली दिसत नाही. मीही घरात सांगितलं नाही. पहिले दोन दिवस भांड्यांनी जीव नकोसा केला.

तिसऱ्या दिवशी जेवताना ज्योती माझ्यादेखत वैजनाथला म्हणाली की पोरगी अजून न्हाईच म्हनती, पर साखरपुडा होईस्तोवर म्हाताऱ्याला कुनी काय लिहून दाखवू नका. वैजनाथ म्हणाला की गोठ्यातलं आपन सगळ्यांनीच ऐकलंय, पर आबांना हाय ऐकू आलंय तर आपन कशाला वाईट व्हायचं. मी भाकरी मागितली. ज्योतीनं माझ्या कानाशी येऊन, मायेनं, अर्धी का सगळी असं ओरडून विचारलं.

घरात कान माझे एकट्याचेच गेले होते, आक्का. बाकीच्यांचे उत्तम आहेत.

संध्याकाळी राजनंदिनीला गोठ्यात नेलं. हळू बोल म्हटलं. तिनं हळूच न्हाई म्हटलं. न आला. बारीक होता, पण आला. तीन वेळा सांगितलं आबा, म्हणाली. मी म्हशीला पाणी दाखवलं.

शेवगावला उद्या मी स्वतः जाऊन कळवतो. सत्कार नको असंही तालुक्याला लिहिलंय.

तुझा राग ओसरला असेल तर दोन ओळी लिही.
सहादेव


पिंपळदरा
९ मे २०२५

ती. आत्याआजीस,
राजनंदिनीचा शि. सा. न. वि. वि.

साखरपुडा रद्द झाला. पाहुणे जाब विचारायला दोन जीपा भरून आले. आबांनी त्यांना हात जोडून सांगितलं की चूक माझी हाय, वरडा, पर जरा हळू, मशीन लावलंय. आई माझ्याशी बोलत नाही. पप्पा बोलतात, पण आबा घरात नसले की.

गावाची तर झोप उडालीय. आबांनी वही घेऊन घरोघर जाऊन पुन्हा विचारलं, मान्य हाय का. एकतीसपैकी अठ्ठावीस तंटे जागे झाले. भीमाकाका चपला काढून ठेवूनच सांगायला बसले, ते जेवायच्या वेळेला उठले. शेवटी ग्रामसभा भरली. सरपंच भागवतकाकांनी ठराव मांडला की अध्यक्ष आबाच राहावेत, मात्र बैठकीला बसताना त्यांनी मशीन काढून ठेवावं. सगळ्यांनी हात वर केले. आबा एकटेच न्हाई म्हणाले आणि राजीनामा देऊन घरी आले. गनीभाईंनी वहीत काय लिहिलं, ते अजून कुणाला कळलेलं नाही.

तुम्ही विचारलंत की आता पुढं काय. सकाळी मशीन लावलं की आबाही मला हेच विचारतात. मी म्हणते, अजून ठरलं न्हाई. आधी ते मान हलवून उठून जायचे. आता थांबतात. मग मला पुढं बोलावं लागतं.

तुमची आठवण येते. आशीर्वाद असू द्यावा, आणि फोन आबांना करावा.
तुमची,
राजनंदिनी