दोक्काचं पाणी

तोल्गा, १९ जानेवारी १९८७

प्रिय तोरुन,

पाठ कशी आहे तुझी? टाके काढले का? परवा फोनवर आवाज बरा वाटला. इथे सगळं ठीक. थंडी तेवढी उणे सदतीसवर गेली आहे, स्वयंपाकघराच्या खिडकीला आतूनही बर्फ धरतो. तुझ्या कुंड्या मी न्हाणीघरात हलवल्या.

शेजारचे एम्ब्रेतकाका रोज डोकावतात. काल त्यांनी घोड्यांच्या पाण्यासाठी एक पेटी करून दिली. पेटीत टब बसवला, भोवती लाकडाचा भुसा ठासला आणि वर झाकण, त्याला घोड्याचं तोंड जाईल एवढंच भोक. सकाळी कोमट पाणी ओतलं की दुपारपर्यंत गोठत नाही.

हे आधीच का नाही केलं, असं तू विचारशील. म्हणून तर लिहायला बसले. फोनवर तू "पितात ना गं नीट?" म्हणतेस आणि माझ्या तोंडून "हो"च निघतं.

तुझी घोडी, दोक्का, गुरुवारी आजारी पडली. आता उभी आहे, खातेय. हे आधी वाच, मग पुढचं.

सकाळी ती चाऱ्याला तोंड लावेना. मान वळवून सारखी पोटाकडे बघायची, पायाने जमीन उकरायची. मी काकांना हाक मारली. त्यांनी टबात मूठ आपटली. तळापर्यंत गोठून दगड.

"कधीपासून असं आहे?"

"काल फोडला होता की मी बर्फ."

"गुद्नी, हा एका दिवसाचा बर्फ नव्हे. मला म्हाताऱ्याला फसवू नकोस."

तोरुन, तीन दिवस मी कुंपणाच्या आत पाऊलच टाकलं नव्हतं. चारा वरून फेकायची, लांब काठीने बर्फ टोचायची. फुटला नाही की म्हणायची, बर्फ चाटतील. ब्रूनेनचं निभावलंही तसं, पण दोक्का म्हातारी.

मला घोड्यांची भीती वाटते. लहानपणापासून. तुला वाटायचं मला वास आवडत नाही, मीही तसंच वाटू दिलं. ऑपरेशनला जाताना तू दोन्ही घोड्यांना काकांकडे ठेवणार होतीस. तेव्हा मीच फणकारले, "मी काय मेले आहे का?" धाकट्या बहिणीला जमतं ते मला जमत नाही, हे कसं सांगणार होते?

जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. नाकातून नळी घालून तेल आणि गरम पाणी सोडलं. म्हणाल्या, "पाण्यावाचून लीद आत अडकलीय. चालवत राहा. लोळू देऊ नका, आतड्याला पीळ पडला तर काही करता येणार नाही."

मी दोरी काकांपुढे धरली.

"माझी कंबर मलाच धड चालवत नाही, घोडीला काय चालवणार? धर तूच."

पहिल्याच फेरीत दोक्काने डोकं माझ्या खांद्यावर टेकलं आणि मी किंचाळले.

"ती खाणार नाही गं तुला," काका म्हणाले. "आज ती काहीच खात नाहीये."

अकरापासून चारपर्यंत चालवलं. दोनदा तिने गुडघे टेकले, दोनदा मी मानेला लोंबकळून, शिव्या देऊन तिला उठवलं. अंधार पडायला लागला तशी ती थांबली, शेपटी उचलली आणि लीद टाकली. मी त्या वाफाळत्या ढिगापाशी उभी राहून हमसून हमसून रडले. काकांनी टोपी काढली.

धोका पुरता टळलेला नाही. आठवडाभर सांभाळा म्हणतात, बाई उद्या परत येणार आहेत. चाऱ्यात मीठ घालते, म्हणजे तहान लागेल. ती पिते तेव्हा जवळ उभी राहून घोट मोजते. पळावंसं वाटतं, पण उभी राहते.

काका दोघांना न्यायला आजही तयार आहेत. तू सांगशील तसं. 'ने' म्हणालीस तर दोक्काला मी स्वतः घेऊन जाईन. 'ठेव' म्हणालीस तर, खरं सांगते, मला तुझा राग सोसेल, हा विश्वास सोसेल की नाही ठाऊक नाही. तरी ठेवीन.

तुझी खोटं बोललेली बहीण,
गुद्नी